पैलवानानं सोडवलेली तंबाखू

दत्ता गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका आजोबांचे डोळे तपासत होतो. आजोबा भिंतीवरच्या पाटीतली खालून दुसरी ओळ वाचत होते आणि प्रत्येक अक्षरानंतर "बरूबर हाय का?" असं मलाच विचारत होते. फोनवर अश्विनी होती, दत्ताची मुलगी. "काका, पप्पा गेले," एवढंच म्हणाली. मी "येतो" म्हटलं, फोन ठेवला आणि, कसं कोण जाणे, आजोबांना पुढची ओळ वाचायला सांगितली. त्यांनी वाचली. बरोबर की चूक, मला काही ऐकूच आलं नाही. मग त्यांना उद्या या म्हणून सांगितलं, शटर ओढलं आणि सवयीनं शेजारच्या दुकानाकडं बघून म्हणालो, "दत्ता, जाऊन येतो रे..." त्याचं शटर तर तो दवाखान्यात गेल्यापासून खालीच होतं.

शिवाजी पेठेत आमची दुकानं भिंतीला भिंत लावून. माझं चष्म्याचं, त्याचं फिश टँकचं. दोघांचाही धंदा काचेचा, म्हणून पेठेतली पोरं आम्हाला 'काचवाले' म्हणायची. बाकी आमच्यात सारखं असं काही नव्हतं. मी लिंगायत, अंड्याच्याही वाटेला न गेलेला. त्याला रविवारी मटणाशिवाय घास उतरायचा नाही. मी हळू बोलणारा, तो बोलला की दोन गल्ल्यांना कळायचं. पेठेच्या संघाचा फुटबॉलचा सामना असला की दुकान उघडं टाकून हा मैदानावर, आणि त्याच्या माशांना खाणं टाकायला मी. हरले की दोन दिवस माशांशीसुद्धा बोलायचा नाही.

आमच्या मैत्रीचा सगळा व्यवहार त्याच्या डाव्या तळहातावर चालायचा. दुपारी चारच्या सुमारास गिऱ्हाईक नसतं. तेव्हा तो दोन्ही दुकानांच्या मधल्या पायरीवर येऊन बसायचा, डबी काढायचा, तळहातावर तंबाखू घ्यायचा, नखानं चुना लावायचा आणि अंगठ्यानं मळत बसायचा. मळता मळता गावाची उणीदुणी. मग दोन थापा मारून भुकटी उडवली की हात माझ्यापुढं. मी दोन बोटांनी चिमूट उचलायची, उरलेला बार त्यानं भरायचा. इतक्या वर्षांत मी स्वतः तंबाखू मळली नाही. एकदा प्रयत्न केला तर म्हणाला, "ठेव खाली. चष्म्याची काच पुसतूयास व्हय?" आमच्या घरी, त्याच्या घरी, डॉक्टरांनी, सगळ्यांनी त्याला तंबाखू सोड म्हणून सांगून झालं होतं. शालनवहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, जोतिबाला नवस बोलून बघितला. जोतिबानंही हात टेकले असावेत.

शालनवहिनी आजारानं गेल्या आणि हा मोठ्या आवाजाचा माणूस एकाएकी गप्प झाला. अश्विनी पुण्याला नोकरीला. तिचा संध्याकाळी फोन यायचा आणि मला भिंतीपलीकडून दत्ताचं बोलणं पाठ झालं होतं. "जेवलो. बरा हाय. तू कशी हायस? ठेव मग." दुकान उघडायचा, टँकांचं पाणी बदलायचा, चारला पायरीवर यायचा, मळायचा, हात पुढं करायचा. पण उणीदुणी बंद झाली होती. मी काहीबाही बोलत राहायचो आणि तो समोरच्या विजेच्या खांबाकडं बघत राहायचा.

अशातच पावसाळा संपता संपता पैलवान आला. रत्नागिरीहून कोल्हापूरला मासळीचे टेम्पो येतात, त्यातल्या एका ड्रायव्हरशी दत्ताची दोस्ती होती. खाऱ्या पाण्याचा एक टँक दत्तानं हौसेनं मांडला होता आणि त्यासाठी हा ड्रायव्हर समुद्राचं पाणी कॅनमधून आणून द्यायचा. एके सकाळी त्यानं पाण्याबरोबर झाकणाची बादली उतरवली. म्हणाला, "जाळ्यात घावलाय. मारू वाटंना. बघा ठेवता का." आत मूठभर तपकिरी गोळा होता. तो गोळा उलगडला, त्याला आठ हात फुटले, त्यानं आमच्याकडं बघितलं आणि बादलीच्या रंगाचा होऊन गेला. ऑक्टोपस. मी म्हटलं, "दत्ता, हे विकणार कुणाला?" तो म्हणाला, "इकाय कशाला पायजे? पावणा हाय." त्याला राहायला म्हणून दत्तानं शालनवहिनींची लोणच्याची चिनी मातीची बरणी टँकमध्ये आडवी ठेवली. पावणा सरळ आत गेला आणि दोन दगड ओढून त्यानं दारही लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी टँकचं झाकण जमिनीवर आणि हे महाराज कपाटाच्या पायाशी. दत्तानं उचलून परत ठेवला, झाकणावर वीट ठेवली. दुपारी वीट ढकललेली. शेवटी तालमीतून लोखंडी डंबेल आणून ठेवलं, तेव्हा कुठं झाकण जागेवर राहिलं. ही बातमी पेठेत पसरायला कितीसा वेळ लागणार? तालमीतली मंडळी बघायला आली, आणि वीट उचलतोय म्हणजे पैलवानच, असं एकमतानं ठरलं. अंगात हाड नाही, कठीण अशी फक्त पोपटासारखी चोच; तेवढी फट मिळाली तर अख्खा देह त्यातून पार. झाकणाची बाटली आत टाकली की दोन दिवसांत फिरवून उघडायला शिकला. एक जण म्हणाला, "ह्येला कुस्तीत धरायचं कुटं?" आणि त्या दिवशी वहिनी गेल्यानंतर पहिल्यांदा मी दत्ताला हसताना बघितलं.

फोनवरचं "जेवलो, बरा हाय" मागं पडलं. अश्विनी तिकडं कुठं कुठं वाचायची आणि बापाला सांगायची. बाप मला सांगायचा, दुप्पट आवाजात. "अण्णा, ह्येला तीन काळजं हायती. रगात निळं हाय. आनि आयक, ह्येचा मेंदू निम्म्याच्या वर हातांत हाय! परत्येक हात आपापला इचार करतुया." मी म्हटलं, म्हणजे तुमच्या संघासारखंच, प्रत्येक जण आपापला खेळतो. त्यानं माझ्याकडं डोळे वटारले. मग म्हणाला, "पोरगी म्हनती, हात तुटून पडला तरी तो थोडा वेळ पकडत ऱ्हातुय. त्याला ठावंच नसतंय तुटल्यालं."

मला स्वतःला त्याच्या डोळ्यांचं नवल होतं. धंदाच डोळ्यांचा. आपल्या प्रत्येकाच्या डोळ्यात एक जागा अशी असते की तिथं काहीच दिसत नाही. नस जिथून बाहेर पडते ती जागा. गिऱ्हाइकाला मी कागदावर दोन ठिपके काढून दाखवतो, एक ठिपका नाहीसा होतो, लोक चकित होतात. ऑक्टोपसच्या डोळ्यात ती जागाच नाही. नस मागच्या बाजूनं जाते. शिवाय बाहुली आडवी, चिरेसारखी, आणि तो उलटा लटकला तरी ती आडवीच राहते. अश्विनी म्हणाली, एवढे रंग बदलतो पण त्याला स्वतःला बहुधा रंग दिसत नाहीत. मी किती तरी वेळ काचेला नाक लावून बसायचो. आणि तो पैलवान न चुकता वर येऊन माझ्या तोंडावर पाण्याची पिचकारी मारायचा. माझ्याच. टेम्पोवाला, तालमीतली पोरं, गिऱ्हाइकं, कुणाला नाही. माणसं ओळखतो म्हणे. दत्ता पोट धरून हसायचा. मी चष्मा पुसत घरी.

तंबाखूची गोष्ट त्यानंतरची. दत्ता रोज पाण्यात हात घालायचा. पैलवान बरणीतून एक हात बाहेर काढायचा, त्याच्या मनगटाभोवती घालायचा आणि बसून राहायचा. पण हे सकाळी. चारनंतर हात घातला की पैलवान पांढराफटक पडायचा आणि बरणीत मागं मागं सरकायचा. दत्तानं साबणानं हात धुऊन बघितले, लिंबू चोळून बघितलं. शेवटी अश्विनीला विचारलं. ती म्हणाली, "पप्पा, त्याच्या हातावरच्या वाट्या असतात ना, त्यांनी तो चव घेतो. तुमचा तळहात म्हणजे त्याच्या तोंडात तंबाखू. आणि ते त्याला विष आहे."

दुसऱ्या दिवशी चारला मी पायरीवर जाऊन बसलो. दत्ता आला, बसला. डबी निघेना. मी म्हटलं, "संपली का?" तो म्हणाला, "सोडली." मला वाटलं चेष्टा करतोय. बायकोनं रडून, डॉक्टरनं ओरडून, देवाला नवस बोलून जी सुटली नाही ती एका बिनहाडाच्या प्राण्यानं सोडवली! मी म्हटलं, "अरे, मग मी काय करू?" "तू बी सोड," म्हणाला आणि उठून आत गेला, हात धुवायला.

मला राग आला. खोटं कशाला सांगू, चांगलाच आला. चार दिवस मी स्वतः तंबाखू मळून खाल्ली. चुना जास्त झाला, ओठ पोळला. आणि एकट्यानं बार भरण्यात काय राम? ती पायरीवरची अर्धी घटका, तो अंगठा, त्या दोन थापा, ते हात पुढं करणं, त्यातच तर सगळं होतं. पाचव्या दिवशी मी पुडी गटारात टाकली. चारला दत्ता आता पायरीवर येतच नव्हता. तो आत स्टुलावर, मनगटापर्यंत पाण्यात. मी दारातून बघायचो. एकदा म्हटलं, "काय मिळतं रे तुला त्यात?" तो मागं न बघता म्हणाला, "शालन गेल्यावर माज्या हाताला कुनी हात लावला न्हवता, अण्णा. गिऱ्हाईक नोट देतंय, तेवडाच."

मी दुकानात येऊन बसलो. मग रोज चारला त्या तळहातावर टेकायची ती दोन बोटं कुणाची होती?... हे मी त्याला विचारू शकलो असतो. पण असलं विचारायची आमच्यात पद्धत नाही. पुरुष माणसं आम्ही, आणि तेही कोल्हापूरची.

उन्हाळ्याच्या तोंडाला दत्ता नातेवाइकाच्या लग्नाला हातकणंगल्याला गेला आणि जाताना मला सांगून गेला, "पैलवानाला खेकडा घाल." मी, ज्यानं जन्मात अंडं हातात घेतलं नाही, तो चिमट्यात जिवंत खेकडा धरून टँकसमोर उभा. 'शिव शिव' म्हणत सोडला. खेकड्याचं पुढं काय झालं ते मी बघितलं नाही, डोळे मिटून घेतले होते. उघडले तर पैलवान काचेशी आलेला. पिचकारी आता येणार म्हणून मी चष्मा काढला. आली नाही. मी बोट पाण्यात घातलं. एक हात आला, अगदी टोकाकडचा बारीक भाग, आणि बोटावर फिरला. गार, मऊ. एकेक वाटी टेकायची आणि सुटायची. तान्हं पोर बोट तोंडात धरतं तसं. मला तंबाखू सोडून बरेच महिने झाले होते. त्याला ते चवीनं कळलं असेल. किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. बाहेर एक बाई चष्म्याच्या दांडीसाठी हाका मारून निघून गेली. त्या दिवसापासून दत्तावरचा माझा राग ओसरला. पण पायरीवर मी एकटाच होतो, हे काही त्यानं बदललं नाही.

पुढं एके दिवशी दत्तानं भिंतीवर मूठ आपटली. ही आमची जुनी खूण. गेलो तर तो बॅटरी घेऊन बरणीत बघत होता. "अण्णा, तू बग. तुजी नजर चांगली." बरणीच्या आतल्या छताला भाताच्या लोंब्यांसारखं काही लटकत होतं, पांढरं, दाणेदार. शेकड्यांनी. अंडी! झाकण उचलतो, वीट ढकलतो, म्हणजे गडीच असणार, असं अख्ख्या पेठेनं ठरवलं होतं. कुणाच्या मनात दुसरा विचारसुद्धा आला नव्हता. दत्ता खाली बसला. म्हणाला, "आयला, ही तर बाई हाय की रं..."

त्या दिवसापासून तिनं खाणं सोडलं. ऑक्टोपसच्या माद्यांचं असंच असतं, अश्विनी म्हणाली. अंडी घातली की त्यांना गोंजारत, त्यांच्यावर पाणी फुंकत बसायचं. खायचं नाही, हलायचं नाही, आणि मग मरायचं. जन्मात अंडी घालायची ती एकदाच. तालमीतल्या मंडळींना हे पटेना. कोल्हापुरात पाहुणा उपाशी म्हणजे घराची अब्रू गेली. कुणी पंचगंगेचे खेकडे आणले, कुणी कोळंबी. एक जण तर पैलवानाचा खुराक म्हणून भिजवलेले बदाम घेऊन आला. दत्ता चिमट्यानं खेकडा बरणीच्या तोंडाशी धरायचा, ती एका हातानं बाजूला सारायची. रागानं नव्हे, पुरे झालं म्हणून ताटावर हात आडवा धरतात तसं.

अश्विनीनं भीत भीत सांगितलं, "पप्पा, ती इतके दिवस एकटीच होती ना, अंडी बहुतेक पोकळ असतील." दत्ता म्हणाला, "तिला कुटं ठाऊक हाय?" आणि आता काही आणू नका म्हणून तालमीतल्यांना त्यानं हात जोडले. मला म्हणाला, "शालनला मी शेवटी लई आग्रह केला रं. येक घास, येक घास. तिला उतरत न्हवता, माज्यासाटी गिळायची. खानं सोडल्यावर आग्रह करायचा न्हाय, अण्णा. नुसतं हात धरून बसायचं." मग तो बसला. रंग बदलणारी ती, राखेसारखी फिकी होत गेली. शेवटी एका दुपारी बरणीतून हात आला, त्याच्या मनगटावर टेकला, पण त्यात धरण्याची ताकद नव्हती. दत्तानं खालून तळहात लावला.

ती गेल्यावर तिला परत समुद्रात सोडायला तो स्वतः टेम्पोनं रत्नागिरीला गेला. आल्यावर टँक मोडेल, निदान नवे मासे टाकेल असं वाटलं होतं. त्यानं काही केलं नाही. रिकाम्या पाण्यात पंप बुडबुडे सोडत राहिला. तंबाखूकडंही परत वळला नाही. मात्र चारला पायरीवर यायला लागला. आम्ही दोघं शेजारी शेजारी, हाताला काम नाही. तो गुडघ्यावर हात ठेवायचा, मी चष्मा पुसायचो. अशीच काही वर्षं गेली. बोलायचो, नाही असं नाही. पण बोलणं आधीही कधी बोलण्यात नव्हतंच.

मग त्याचं काळीज कुरकुरायला लागलं. पायऱ्या चढताना थांबून म्हणायचा, "माज्याकडं येकच दिलंय. पैलवानाला तीन." दवाखान्यात मी रोज जायचो. शेवटच्या भेटीत अश्विनी दाराशीच भेटली, हातात पेजेची वाटी. "काका, तुम्ही सांगा ना. तुमचं ऐकतील. दोन दिवस काही घेत नाहीत." मी वाटी घेतली, आत गेलो आणि ती खिडकीत ठेवली. स्टूल ओढून बसलो. दत्ताचे डोळे मिटलेले होते. त्याचा तो दोन गल्ल्यांचा आवाज कुठं गेला होता कोण जाणे. बऱ्याच वेळानं डोळे उघडले, माझ्याकडं बघून पुटपुटला, "चार वाजलं व्हय?" वाजले नव्हते. मी म्हटलं, "वाजलं की."

त्यानं डावा तळहात उघडला. काहीच नव्हतं त्यात. उजव्या हाताचा अंगठा त्यावर टेकला आणि हळूहळू मळायला लागला. मध्येच नखानं चुना लावला. चांगला वेळ घेऊन मळलं. दोन थापा मारल्या, आवाज न होणाऱ्या. आणि हात माझ्यापुढं केला. मी दोन बोटांनी चिमूट उचलली, ओठाखाली ठेवली आणि म्हटलं, "कडक हाय आज." तो हसला. उरलेला बार त्यानं भरला नाही. तसाच उघडा तळहात धरून राहिला. मी परत बोटं टेकवली, तर तळहात मिटला. माझी दोन बोटं आत. झोप लागेपर्यंत त्यानं ती सोडली नाहीत, आणि लागल्यावरही मी काढली नाहीत.

अश्विनीनं दुकान आवरलं. मासे वाटून टाकले, टँक विकले. "काका, तुम्हाला काय ठेवू?" म्हणाली. मी बरणी मागून घेतली. ती आता माझ्या काउंटरवर आहे, तिच्यात काचा पुसायची फडकी ठेवतो. शेजारी आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान यायचंय म्हणतात. दुपारी चारला मी पायरीवर जाऊन बसतो. दत्ता नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. खांदा मीच दिलाय. पण बसलो की माझा उजवा हात गुडघ्यावरून उठतो, शेजारच्या रिकाम्या जागेकडं जातो आणि दोन बोटं चिमटीसारखी जुळतात. हाताला अजून कळलेलं नाही. मीही त्याला सांगितलेलं नाही.